वर्तुळातले कोन आणि परीक्षेतला ‘क्ष’

वर्तुळाच्या परिघावर एखादा बिंदू घेतला आणि तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडला, की त्या दोन रेषांमधला कोन काटकोन होतो. बिंदू परिघावर कुठेही सरकवला तरी उत्तर बदलत नाही. वर्तुळातील कोनांविषयीच्या प्रमेयांपैकी एखाद्या व्यक्तीच्या नावाशी जोडले गेलेले सर्वांत जुने प्रमेय हेच. डायोजिनीस लाएर्शियस या ग्रीक चरित्रकाराने नोंदवले आहे, की मिलेटसच्या थेल्सने वर्तुळात काटकोन त्रिकोण पहिल्यांदा बसवला आणि त्या आनंदात बैलाचा बळी दिला. लगेच पुढे तो हेही सांगतो, की काहींच्या मते हे श्रेय पायथागोरसचे. थेल्स इ.स.पू. सहाव्या शतकातला आणि त्याचे चरित्र लिहिणारा जवळजवळ आठशे वर्षांनंतरचा. तेव्हा बैलाची कथा कथा म्हणूनच घ्यावी. एवढे मात्र नक्की, की इ.स.पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल तर्कशास्त्र समजावताना अर्धवर्तुळातल्या काटकोनाचा दाखला सहज देतो. ऐकणाऱ्यांना तो पाठ असणार, हे त्याने गृहीत धरलेले दिसते.

ही सगळी प्रमेये एका ओळीत बसवली युक्लिडने, इ.स.पू. ३०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियात. त्याच्या ‘एलिमेंट्स’ या तेरा भागांच्या ग्रंथाचा तिसरा भाग वर्तुळाला वाहिलेला आहे आणि त्यात ३७ विधाने आहेत. आज शाळेत शिकवले जाणारे बहुतेक सगळे त्यात सापडते. विसावे विधान सांगते, की एकाच कंसावरचा केंद्रातील कोन परिघावरील कोनाच्या दुप्पट असतो. एकाच वर्तुळखंडातील कोन समान असतात हे एकविसावे, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून दोन काटकोन होतात हे बाविसावे, अर्धवर्तुळातला काटकोन एकतिसावे आणि स्पर्शिका व जीवा यांच्यामधल्या कोनाचे बत्तिसावे. या साऱ्या इमारतीचा भार विसाव्या विधानावर आहे, म्हणून ते जवळून पाहण्यासारखे आहे.

वर्तुळाचे केंद्र म, परिघावरचा बिंदू क, आणि समोरचा कंस अब. कपासून मकडे रेषा काढून ती पलीकडे परिघावर डपर्यंत वाढवायची. मक आणि मअ या दोन्ही त्रिज्या, म्हणून त्रिकोण कमअ समद्विभुज आणि त्याचे पायाचे दोन्ही कोन सारखे. कोन अमड हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणजे त्या दोन सारख्या कोनांची बेरीज, म्हणजेच कोन अकमच्या दुप्पट. बच्या बाजूलाही हेच घडते. दोन्ही बाजू मिळवल्या, की केंद्रातला संपूर्ण कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट ठरतो. कड ही रेषा कोनाच्या बाहेरून जात असेल, तर बेरजेऐवजी वजाबाकी करायची. समद्विभुज त्रिकोण आणि बाह्यकोन एवढ्याच भांडवलावर हे प्रमेय उभे राहते.

या सुबक सिद्धतेला एक भोक मात्र होते. युक्लिडच्या लेखी कोन दोन काटकोनांहून लहानच असायचा. परिघावरचा कोन काटकोन किंवा विशालकोन असला, की केंद्रातला कोन दोन काटकोनांएवढा किंवा त्याहून मोठा होतो आणि युक्लिडच्या व्याख्येनुसार तो कोनच उरत नाही. म्हणूनच अर्धवर्तुळातल्या काटकोनासाठी त्याला एकतिसावे विधान वेगळे मांडावे लागले. आजच्या विद्यार्थ्याला ते १८० अंशांचे निम्मे म्हणून एका ओळीत मिळते. एकविसाव्या विधानाची त्याची सिद्धताही काटेकोरपणे पाहिली, तर अर्धवर्तुळाहून मोठ्या खंडालाच लागू पडते. ही उणीव अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने भरून काढली. त्याचे स्पष्टीकरण अल्-नैरिझी या अरबी भाष्यकाराच्या ग्रंथामुळे टिकून राहिले.

विद्यार्थ्यांना ज्याचे आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट या ग्रंथाबद्दल सांगायला हवी. ‘एलिमेंट्स’मध्ये कुठेही अंश नाहीत. तीस अंश, बासष्ट अंश असा आकडा त्यात एकदाही येत नाही. कोन मोजायचे एकमेव माप म्हणजे काटकोन. कोन समान आहेत का, दुप्पट आहेत का, मिळून दोन काटकोन होतात का, एवढेच विचारले जाते. ‘कोनाची किंमत काढा’ हा प्रश्न युक्लिडला परका वाटला असता. तो प्रश्न शाळेच्या पाटीवर यायला पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली आणि तो आणला परीक्षेने.

अंश आले ते आकाशातून. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी राशिचक्राचे ३६० भाग केले होते. ग्रीकांमध्ये हा विभाग पहिल्यांदा दिसतो तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हिप्सिक्लीसच्या लेखनात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात १२० भागांचा व्यास धरून अर्ध्या अंशापासून १८० अंशांपर्यंत, दर अर्ध्या अंशाला, जीवांच्या लांब्या कोष्टकात मांडल्या. त्यासाठी त्याला अर्धवर्तुळातला काटकोन तर लागलाच, शिवाय चक्रीय चौकोनाविषयीचे आज त्याच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेयही लागले : समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज कर्णांच्या गुणाकाराएवढी असते. प्रमेयांतून थेट आकडे काढण्याचा हा पहिला मोठा उद्योग. पण त्यातही अज्ञात राशी होती ती जीवेची लांबी. कोन हाताशी असायचा आणि जीवा शोधायची असायची.

भारतात हाच कल अधिक ठळक दिसतो. इथल्या गणितात कोन ही स्वतंत्र राशी म्हणून फारशी वावरली नाही. मोजला जाई तो कंस, म्हणजे चाप, आणि त्याच्याबरोबर ज्या, म्हणजे अर्धजीवा, आणि शर, म्हणजे जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचा व्यासाचा तुकडा. आर्यभटाने ‘आर्यभटीया’त (इ.स. ४९९) नियम दिला, की व्यासाच्या दोन शरांचा गुणाकार अर्धजीवेच्या वर्गाएवढा असतो. जीवा एकमेकींना छेदतात तेव्हाच्या युक्लिडच्या प्रमेयाचा हा एक विशेष प्रकार. आर्यभटाचा भाष्यकार पहिला भास्कर याने ६२९ मध्ये या नियमाखाली ससाणा आणि उंदराची उदाहरणे सोडवली. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्याच जातीचे मोर आणि सापाचे उदाहरण काटकोन त्रिकोणाच्या भागात येते. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आणि बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालेला साप. दोघांची चाल सारखी, तर मोर सापाला कुठे गाठेल? ९ चा वर्ग ८१, त्याला २७ ने भागून ३, तो सत्तावीसमधून वजा करून २४, त्याचे निम्मे १२. बिळापासून बारा हातांवर गाठ पडते. आकडेमोड शराच्या नियमाची आहे, वर्तुळ तेवढे दिसत नाही.

चक्रीय चौकोनाच्या बाबतीत भारतीयांनी ग्रीकांच्या पुढे पाऊल टाकले. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले, कर्णांची सूत्रेही दिली. कर्ण एकमेकांना लंब असलेल्या चक्रीय चौकोनात छेदनबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढवला, की तो समोरच्या बाजूला दुभागतो, हे सुंदर प्रमेयही त्याचेच. मात्र क्षेत्रफळाचे सूत्र फक्त वर्तुळात बसणाऱ्या चौकोनालाच लागू आहे, ही अट त्याने उघड शब्दांत लिहिली नाही. त्यातून पुढे गोंधळ झाला. भास्कराचार्यांनी नेमके यावर बोट ठेवले. नुसत्या चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही, एखादा कर्ण किंवा लंब ठाऊक हवा. तो न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा पिशाच, असे त्यांनी खडसावले. आक्षेप योग्य होता, पण ब्रह्मगुप्ताला अभिप्रेत असलेला चौकोन वर्तुळातला होता हे त्यांनी ध्यानात घेतले नाही. केरळच्या गणितींनी पुढे ही बाजू नीट सांभाळली. सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवाच्या मल्याळम ‘युक्तिभाषे’त चक्रीय चौकोनाची सूत्रे सिद्धतेसह येतात.

‘लीलावती’त वर्तुळात काढलेल्या सुसम बहुभुजाकृतींच्या बाजूही दिल्या आहेत. व्यास १,२०,००० धरला, तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००. हे आकडे आजच्या गणकयंत्राशी तंतोतंत जुळतात. सात बाजूंच्या आकृतीला ५२,०५५ दिले आहे, ते ५२,०६६ हवे. नऊ बाजूंच्या आकृतीतही अकराचाच फरक पडतो. या ग्रंथांचे अध्ययन महाराष्ट्रात बराच काळ चालू होते. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे.

युक्लिड भारतात संस्कृतातून आला तो अरबीच्या वाटेने. नासिरुद्दीन तुसीने तेराव्या शतकात ‘एलिमेंट्स’ची अरबी आवृत्ती तयार केली होती. सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या आरंभी तिच्यावरून ‘रेखागणित’ हा पंधरा अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो छापून निघाला मुंबईत, ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’मध्ये, १९०१-०२ साली. योगायोग असा, की नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये युक्लिडला शाळेबाहेर काढण्याची मोहीम जोरात होती.

मराठी मुलांपर्यंत युरोपीय भूमिती पोचली ती जगन्नाथाकडून नव्हे. १८२० च्या दशकात मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीपंडितांच्या मदतीने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली, आणि मॅट्रिकच्या वाटेवर युक्लिड येऊन बसला. माध्यमिक शाळांत गणित बराच काळ इंग्रजीतूनच शिकवले जाई. आयझॅक टॉडहंटर यांची १८६२ ची युक्लिडची आवृत्ती, पुढे हॉल आणि स्टीव्हन्स यांचे पुस्तक, ही भारतात घरोघरी पोचली. विधान अमुक क्रमांकाचे म्हटले, की विद्यार्थ्याने ते आकृतीसह जसेच्या तसे उतरवायचे. इंग्लंडात चालत होते तेच इथे चालले. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने युक्लिडच्या विधानाचे जे टप्पे सांगितले, त्यांतलेच चार आजच्या मराठी वहीत पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता म्हणून उभे असतात.

पाठांतराला उतारा म्हणून परीक्षकांनी ‘रायडर’ आणले. विधान लिहून झाले, की त्याच्या आधाराने सिद्ध करायचे एखादे नवे उपविधान. जुन्या गणितशिक्षकांच्या तोंडी हा शब्द सर्रास असे. दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, छेदनबिंदूंतून दोन रेषा काढल्या, तर त्यांच्या टोकांना जोडणाऱ्या जीवा समांतर असतात हे दाखवा, अशी त्यांची धाटणी. विचार करायला लावणारे हे प्रश्न होते आणि म्हणूनच बहुतेक विद्यार्थी ते सोडून देत. विधाने पाठ केली तरी उत्तीर्ण होता येत असे. एकोणिसाव्या शतकातल्या भूमिती-शिक्षणाचे हे खरे दुखणे होते. युक्लिडकडे दोष जातो तो अर्धाच.

इंग्लंडमध्ये १८७१ साली भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी शिक्षकांची संघटना निघाली. दुसऱ्या बाजूने ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन, म्हणजेच ‘अ‍ॅलिस’चे लेखक लुईस कॅरल, यांनी १८७९ मध्ये युक्लिडच्या बचावासाठी एक अख्खे नाटकवजा पुस्तक लिहिले. निकाल लावला तो अभियंत्यांनी. जॉन पेरी यांनी १९०१ मध्ये ग्लासगो इथल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मागणी केली, की मुलांना मोजू द्या, आलेखकागद द्या, आकडे द्या. १९०३ मध्ये केंब्रिजने नियम बदलला आणि युक्लिडच्या क्रमाचे बंधन गेले. सुसंगत मांडणीत बसणारी कोणतीही सिद्धता चालू लागली. त्याच वर्षी गॉडफ्री आणि सिडन्स यांचे नवे पुस्तक आले, हॉल आणि स्टीव्हन्स यांनीही ‘स्कूल जॉमेट्री’ काढली. कंपासपेटीतला कोनमापक वर्गात आला आणि त्याच्याबरोबर आकड्यांची उदाहरणे आली.

‘कोनाची किंमत काढा’ हा प्रश्न शाळेत स्थिरावला तो या काळात. सिद्धता पूर्ण लिहायची गरज नाही, पण प्रमेय कोणते वापरायचे हे ओळखल्याशिवाय उत्तर येत नाही. पाठांतर आणि रायडर यांच्या मधली ही पायरी होती. असे एक उदाहरण घ्यावे : चौकोन अबकड चक्रीय आहे, अब हा व्यास आहे आणि कोन अडक ११८ अंशांचा आहे. कोन कअब किती? संमुख कोन पूरक, म्हणून कोन अबक १८० वजा ११८, म्हणजे ६२. अब व्यास, म्हणून कोन अकब ९०. त्रिकोणातल्या कोनांची बेरीज १८०, म्हणून कोन कअब २८ अंश. आता कपाशी स्पर्शिका काढली, तर तिचा जीवा कबशी होणारा कोन किती, असेही विचारता येते. समोरच्या खंडातला कोन २८, म्हणून तोही २८. आणि केंद्र म असेल तर कोन कमब ५६. एका आकड्यातून चार प्रमेयांची साखळी ओढून काढता येते. मूळचा ११८ बदलून १३१ घातला, तर नवे उदाहरण तयार. परीक्षकाला याहून सोयीचे काय हवे!

आकृतीखाली ‘आकृती प्रमाणबद्ध नाही’ अशी सूचना छापावी लागते, तीही कोनमापकामुळेच. आकृती अचूक काढली, तर चलाख मुलगा कोनमापक ठेवून उत्तर वाचून घेईल. युक्लिडच्या वाचकाकडे अंशांचे साधन नव्हते, त्यामुळे त्याला असा मोहच नव्हता.

या प्रमेयांचा वर्गाबाहेरचा उपयोग मात्र याहून जुना आहे. समुद्रावरच्या माणसाला किनाऱ्यावरच्या दोन खुणा ठरावीक कोनात दिसत असतील, तर तो त्या खुणांमधून जाणाऱ्या एका ठरावीक वर्तुळकंसावर असणार, कारण एकाच खंडातले कोन समान. तिसरी खूण घेतली, की दुसरे वर्तुळ मिळते आणि दोन वर्तुळे जिथे छेदतात ते आपले ठिकाण. डच गणिती स्नेल याने १६१७ मध्ये भूमापनासाठी हा प्रश्न सोडवला होता. खडक असलेला पट्टा अशा वर्तुळाच्या आत येत असेल, तर दोन दीपगृहांमधला कोन ठरलेल्या मापापेक्षा वाढू द्यायचा नाही, एवढे पाळले की जहाज सुरक्षित राहते. भूमितीच्या तासाला हे सांगितले तर प्रमेय लवकर पटेल, पण पाठ्यपुस्तकांना याचे फारसे कौतुक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर युक्लिडवर दुसरा घाव बसला. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये रॉयामाँ इथल्या परिषदेत ज्याँ द्यूदोने यांनी युक्लिडला हद्दपार करा असा पुकारा केला. अमेरिकेत नवगणिताची पुस्तके आली. त्यांनी युक्लिड टाकला नाही, पण त्याची डागडुजी केली. कोनाला आणि कंसाला संख्येतले माप दिले, कंसांच्या मापांची बेरीज हा आधार धरला. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हीच वाट दिसते. दहावीच्या ‘गणित भाग २’ मधल्या ‘वर्तुळ’ या प्रकरणात अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते, असे प्रमेय आहे. कंस १८० अंशांहून मोठा असला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे हेरॉनला जे वेगळे सांगावे लागले ते आपोआप आत येते. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत मात्र अजून केंद्रातला कोन दुप्पट हीच जुनी मांडणी राहिली. दोन मंडळांत शिकलेल्या भावंडांनी एकच उदाहरण सोडवले, तर उत्तर सारखे येते पण कारणाचे वाक्य निराळे. दोहोंत कंसमापाची मांडणी सरस आहे. छेदिका वर्तुळाच्या बाहेर छेदत असतील तेव्हा तिचा फायदा विशेष कळतो. मोठ्या आणि लहान कंसांच्या मापांच्या फरकाचे निम्मे केले, की कोन हाती येतो.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भूमितीचा लेखी पेपर ४० गुणांचा असतो आणि त्यात किंमत काढायची उदाहरणे व सिद्धता दोन्ही असतात. आकड्यांच्या उदाहरणांनी भूमितीची भीती कमी केली, हे खरे. पण त्यांनी एक सवयही लावली : शेवटी आकडा आला की काम संपले. २८ अंश हे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नसते, उपयोगाचे असते ते ‘व्यास असल्यामुळे’ आणि ‘चक्रीय असल्यामुळे’ हे कारण. स्पर्धा परीक्षांच्या बहुपर्यायी प्रश्नांत तर कारण लिहायला जागाच नसते.

गणिताच्या वरच्या पायरीवर अजूनही युक्लिडची पद्धतच चालते. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईत भरले. तिथल्या दुसऱ्या प्रश्नात त्रिकोणाच्या आत एक बिंदू होता आणि चार कोनांमधला एक संबंध दिला होता : दोन कोनांचा फरक दुसऱ्या दोन कोनांच्या फरकाएवढा. तेवढ्यावरून तीन रेषा एकाच बिंदूत मिळतात हे सिद्ध करायचे होते. त्या संपूर्ण प्रश्नात अंशाचा एकही आकडा नव्हता.